गुडघ्यांनाही इंटरव्हल हवा!

पाच-सात सेकंद. एपिसोड संपतो, नावं वर सरकायला लागतात आणि कोपऱ्यातलं ते 'नेक्स्ट एपिसोड'चं बटण हळूहळू भरत जातं. तुम्हाला काहीच करायचं नसतं. उठायचं नसतं, रिमोट शोधायचा नसतो, पुढचा भाग बघायचा की नाही हेसुद्धा ठरवायचं नसतं. आपल्या वयाला हे फार सोयीचं वाटतं. पण आता जरा त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बघा. तिथे आजी बसलीये. (हो, तिलाही ती सीरिज आवडलीये आणि खुनी कोण हे तिने तुमच्या आधी ओळखलंय.) तिने उठायला म्हणून हात सोफ्यावर टेकवले होते. तेवढ्यात पुढचा एपिसोड सुरू झाला आणि तिने हात परत मांडीवर ठेवले. तासाभराने ती खरंच उठेल तेव्हा पहिली चार पावलं भिंत धरून टाकेल. आणि घरातलं कुणीतरी म्हणेल, 'सारखं टीव्हीसमोर बसल्यावर असंच होणार!'

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

कारण त्या वाक्यानंतर घरोघरी काय होतं ते आपल्याला माहितीये. टीव्ही बंद. 'पडून राहा थोडा वेळ, आराम कर.' पुस्तक हातात घेतलं तर 'मान दुखेल.' लायब्ररीत जाते म्हटलं तर 'जिना आहे, नको.' सगळे बोलतात ते काळजीपोटीच, त्यात वाद नाही. पण हिशोब मांडून बघा. सांधे दुखतात म्हणून बाहेर जाणं आधीच कमी झालेलं असतं. घरात बसून जो काही आनंद मिळतो तो दोनच गोष्टींतून, वाचायचं आणि बघायचं. तेही काढून घेतलं आणि वर 'आराम कर' सांगितलं, तर त्या माणसाकडे उरतं काय? छताचा पंखा. शिवाय ज्या गुडघ्यांसाठी एवढं सगळं केलं त्यांचंही यात भलं होत नाही.

आमच्या घरचंच सांगते. आजी प्राथमिक शिक्षिका होती, आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजलेत. आजोबांचे गुडघे ठणठणीत, पण उजव्या हाताचा अंगठा आणि मान कुरकुरते. दोघंही वाचणारे, दोघंही सिनेमावेडे. दोन वर्षांपूर्वी आजीने वाचनालयात जाणं सोडलं, कारण ते पहिल्या मजल्यावर आहे आणि जिन्याला एकाच बाजूला कठडा. थिएटर त्याच्याही आधी सुटलं. हे तिने कधी जाहीर केलं नाही. एक दिवस वाचनालयाचं कार्ड देव्हाऱ्याच्या खणात गेलं, एवढंच. तुमच्याही घरात असं काहीतरी खणात गेलं असेल. विचारून बघा.

'वंगण' येतं कुठून?

गुडघे दुखायला लागले की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'गादी झिजली' आणि 'वंगण संपलं'. पहिलं बऱ्यापैकी बरोबर आहे. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, ती वयानुसार, वजनामुळे, जुन्या दुखापतीमुळे किंवा घराण्यातूनच आलेल्या ठेवणीमुळे झिजत जाते. झिजेच्या या संधिवाताला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. दुसरं वाक्य मात्र अर्धवट आहे. सांध्यात एक चिकटसर द्रव असतो, तेच आपलं वंगण. पण ते बाटलीतल्या तेलासारखं वापरून संपत नाही. आणि गंमत अशी की कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. तिला पोषण मिळतं ते या द्रवातून, आणि ते आत-बाहेर होतं सांधा हलला की. ओला स्पंज दाबला, सोडला, दाबला, सोडला, असं काहीसं. सांधा हललाच नाही तर स्पंज तसाच.

म्हणून बराच वेळ बसून उठलं की सांधा अडखळतो. चार पावलं टाकली की सुटतो. झिजेच्या संधिवातात हा आखडलेपणा काही मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात कमी होतो. (सकाळी उठल्यावर बोटं, मनगटं तासाहून जास्त वेळ आखडलेली राहत असतील, सुजत असतील, तर ते प्रकरण वेगळं असू शकतं. ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात तो तरुणपणीही सुरू होतो. तिथे लेख वाचत बसू नका, डॉक्टरकडे जा.)

म्हणजे दोष पुस्तकाचा नाही आणि सिनेमाचाही नाही. दोष त्या न हलण्याचा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या गोष्टी सोप्या होतात, कारण मग पुस्तक आणि सिनेमा काढून घ्यायची गरजच उरत नाही.

आता आपल्या वयाच्या लोकांसाठी एक बातमी. गुडघा बराच वेळ दुमडून बसल्यावर वाटीच्या मागे जे दुखतं, त्या लक्षणाला वैद्यकीय भाषेत चक्क 'थिएटर साइन' असं नाव आहे. सिनेमाला बसलेल्या माणसाला होणारं दुखणं म्हणून. गुडघा दुमडला की वाटी खालच्या हाडावर दाबली जाते आणि तो दाब तासन् तास तसाच राहतो. आणि हे दुखणं म्हाताऱ्यांचं नाही, तरुणांमध्येच खूप दिसतं, त्यातही मुलींमध्ये जास्त. त्यामुळे सोफ्याच्या या टोकाला पाय दुमडून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या तुम्ही फार हसू नका.

इंटरव्हल गेला कुठे?

आजी-आजोबांच्या पिढीने सिनेमे कमी बघितले का? मुळीच नाही. 'संगम' १९६४चा, 'मेरा नाम जोकर' १९७०चा, दोन्ही इतके लांब की त्यांना दोन-दोन इंटरव्हल होते. 'शोले' सव्वातीन तासांच्या घरात. आपली जुनी संगीत नाटकं तर रात्र रात्र चालायची. पण त्या सगळ्यात एक गोष्ट पक्की होती. मध्येच दिवे लागायचे. मग उठायचं, पाय मोकळे करायचे, वडा घ्यायला रांगेत उभं राहायचं, बाथरूमला जायचं, ओळखीचं कुणी दिसलं तर उभ्याने गप्पा मारायच्या आणि घंटा झाली की परत खुर्चीत. दहा-पंधरा मिनिटं सांध्यांना फुकटची फिजिओथेरपी. कुणी तिला व्यायाम म्हणायचं नाही, म्हणून ती व्हायची.

दूरदर्शनच्या काळातही उठणं सुटलं नव्हतं. रिमोट नव्हता. आवाज वाढवायला उठायचं, चित्र हललं की अँटेना फिरवायला कुणीतरी गच्चीवर पळायचं आणि खालून ओरडायचं, 'आलं, आलं... गेलं!' मी हे बघितलेलं नाही, पण आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेलीये की मला ती स्वतःची आठवण वाटते.

ओटीटीने इंटरव्हल काढून टाकला. कुणाच्या वाईटावर नसेल, पण काढला खरा. एकामागून एक एपिसोड आपोआप सुरू होणं ही त्यांच्या धंद्याची सोय आहे, तुमच्या आजीच्या गुडघ्यांची नाही. बराच वेळ कुणी रिमोटला हात लावला नाही की नेटफ्लिक्स विचारतं ना, 'अजून बघताय का?' तेवढीच काय ती त्या यंत्राची विचारपूस.

तर पहिलं काम, आणि हे आजी-आजोबांनी नाही, तुम्हीच करायचं आहे, कारण सेटिंग्जचा तो चक्रव्यूह तुम्हालाच कळतो. ऑटोप्ले बंद करा. नेटफ्लिक्सवर प्रोफाइलच्या सेटिंग्जमध्ये पुढचा एपिसोड आपोआप सुरू होण्याचा पर्याय बंद करता येतो. यूट्यूबलाही ऑटोप्लेचं बटण आहे. हे केलं की एपिसोड संपल्यावर टीव्ही गप्प होतो आणि ती शांतताच उठवते. सिनेमा असेल तर मध्ये थांबायचं कुठे ते आधी ठरवा. आमच्याकडे आजोबांनी स्वयंपाकघरातला कुकरचा टायमर पळवलाय. अर्ध्या-पाऊण तासाने तो किणकिणतो. मग सिनेमा थांबतो, सगळे उठतात, कुणी पाणी पितं, कुणी गॅलरीतल्या तुळशीला घालतं. जुना मराठी सिनेमा असेल तर त्याचा मूळ इंटरव्हल कुठे होता हेही कळतं. गोष्ट एका वळणावर येऊन थांबलेली असते, तिथेच थांबवायचं. 'अशी ही बनवाबनवी' तुम्ही कितीदा पाहिला असला तरी तिथे थांबून चहा घेतल्यावर उरलेला जास्त मजा देतो, हे माझं प्रामाणिक मत आहे.

आणि जिथे उठणं अगदीच जमत नाही, तिथे बसल्या बसल्या. खुर्चीत नीट बसून एक पाय समोर सरळ करायचा, पंजा आपल्याकडे ओढायचा, पाचपर्यंत मोजायचं आणि पाय सावकाश खाली. मग दुसरा. मांडीचा पुढचा स्नायू यात काम करतो आणि गुडघ्याचा अर्धा भार तोच उचलतो असं म्हटलं तरी चालेल, कारण हा स्नायू कमजोर झाला की धक्का थेट सांध्यावर येतो. टीव्हीवर मालिका बघणाऱ्यांना तर जाहिराती आहेतच. एका ब्रेकमध्ये दहा-दहा वेळा आरामात होतं. घोटे वर-खाली हलवणं हे तर सिनेमा चालू असतानाही होतं, नजर हलवावी लागत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, हृदयाचा किंवा तोल जाण्याचा त्रास असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारून घ्या. एकदा विचारलं की वर्षभर पुरतं.

खुर्ची बघा, सोफा नको

आता फर्निचर. हा भाग मला स्वतःला सर्वात महत्त्वाचा वाटतो आणि सर्वात कमी लोक त्याकडे बघतात.

आपल्या सगळ्यांच्या घरात एक लाडका सोफा असतो. मऊ, खोल, बुटका. बसल्यावर माणूस आत रुततो. आजी त्यात बसली की तिचे गुडघे कमरेच्या वर येतात. आता तिला उठायचंय. नुसतं खुर्चीवरून उठतानासुद्धा गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या जवळजवळ अडीच पट भार येतो, आणि बैठक जितकी खाली तितकं ते जास्त जड जातं. (सपाट जमिनीवर चालतानाही अडीच पटच असतो, जिना उतरताना साडेतीन पटीच्या आसपास जातो. वाचनालयाचा जिना आजीला चढताना नाही, उतरताना का नको व्हायचा, हे मला हा आकडा वाचल्यावर कळलं.) एक किलो वजन कमी झालं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने कमी होतो, असंही अभ्यासात दिसलंय. पण ते हळूहळू होणारं काम. सोफा आज संध्याकाळी सोडवता येतो.

काय हवं? टणक बैठकीची, दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची. बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर हवी. नवीन घ्यायची गरज नाही. जेवणाच्या टेबलाची हातवाली खुर्ची चालते. बैठक खाली असेल तर टणक उशी ठेवा, फोमची नको, ती दबते. सुताराकडून खुर्चीच्या पायांखाली खोबणीचे लाकडी ठोकळे करून घेता येतात, पण ते घट्ट बसले पाहिजेत, नाहीतर गुडघा वाचवायला जाऊन कंबर मोडायची. पाय लांब करायला समोर पाट किंवा बुटकं स्टूल ठेवा. मध्येच पाय वर, मध्येच खाली. एकाच स्थितीत राहायचं नाही हा मुद्दा. पलंगावर वाचताना गुडघ्याखाली उशी घ्यायला बरं वाटतं, पण रोज रात्रभर ती तिथेच राहिली तर गुडघा दुमडलेल्या स्थितीत आखडायला लागतो. थोडा वेळ ठीक, झोपताना काढा.

उठायचीही एक रीत आहे. आधी खुर्चीच्या कडेला सरकायचं, पावलं थोडी मागे घ्यायची, पुढे झुकायचं, इतकं की नाक पायांच्या बोटांच्या वर येईल, आणि मग हातांचा रेटा देऊन उठायचं. आजीला हे मी दाखवलं तेव्हा ती म्हणाली, 'अगं, शाळेत मी पोरांना नमस्कार करायला शिकवलं तसंच दिसतंय हे.' पण आता ती तशीच उठते.

घरात झोपाळा असेल तर भाग्यवान आहात. पायाने हळूच ढकलत, गुडघा किंचित वाकवत-सरळ करत माणूस तासभर पुस्तक वाचतो आणि त्याला कळतही नाही की सांधा सतत हलतोय. (हा माझा अंदाज आहे, कुणी झोपाळ्यावर संशोधन केलंय म्हणून सांगत नाही. आणि चढता-उतरताना तो कुणीतरी धरलेला बरा.)

टीव्हीची उंचीही बघा. हल्ली टीव्ही भिंतीवर इतका वर लावतात की जणू देवाचा फोटोच. मान मागे टाकून दोन तास सिनेमा बघितला तर मान दुखणारच. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला हवा. त्यात आजोबांचा चष्मा खाली जवळचं, वर लांबचं असा दुहेरी. पुस्तक वाचताना तो बरोबर चालतो. पण संगणकावर किंवा टॅबवर बघताना खालच्या भिंगातून दिसावं म्हणून ते हनुवटी वर करून बसतात आणि मग मानेला बाम लावतात. अशा वेळी नुसत्या वाचनाचा वेगळा साधा चष्मा करून घेणं बामापेक्षा स्वस्त पडतं.

आणि एक, सर्वात महत्त्वाचं. थिएटरसारखं वाटावं म्हणून आपण दिवे घालवतो. अंधार, आखडलेले गुडघे, मध्येच बाथरूमला जायची घाई, आणि वाटेत तुमच्या चार्जरची वायर. या वयात पडणं म्हणजे नुसतं खरचटणं नसतं. एक छोटा दिवा चालू ठेवा, पायपुसणी सरकती असतील तर काढा, आणि ती वायर, प्लीज, भिंतीच्या कडेने न्या.

जाड पुस्तकांचं दुखणं

पुस्तकं हलकी असतात असं आपल्याला वाटतं, कारण आपण ती फोनवर वाचतो. आमच्याकडचं 'श्रीमान योगी' मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं तर काटा किलोच्या आसपास गेला. 'मृत्युंजय' थोडं हलकं, पण फार नाही. आता हे पुस्तक एका हाताने, अंगठा मधल्या पानांत घालून, तासभर धरून बघा. चिमटीच्या टोकाशी जेवढा जोर लागतो त्याच्या दहा-बारा पटीपर्यंत दाब अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर येऊ शकतो. आजोबांचा अंगठा नेमका तिथेच दुखतो. त्यांनी वर्षभरापासून जाड कादंबऱ्या सोडून दिल्या होत्या आणि कारण विचारलं तर म्हणायचे, 'आता तेवढा रस वाटत नाही.' रस होता. अंगठा नव्हता.

यावर उपाय आपल्याच घरातून निघाला. पारायणाला पोथी ठेवायचं घडीचं लाकडी व्यासपीठ असतं ना, तेच. आपल्या लोकांनी शेकडो पानांचे ग्रंथ कधी हातात धरून वाचलेच नाहीत. ग्रंथ व्यासपीठावर, हात मोकळे. फरक एवढाच की ती बैठक जमिनीवरची, मांडी घालून. ती गुडघ्यांना जमत नाही. (आता पारायणातसुद्धा मागे खुर्च्यांची रांग असते आणि तिथे बसलेल्यांचं पुण्य कुणी कमी मोजत नाही.) तर व्यासपीठ जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलं, खाली दोन जाड शब्दकोश घातले आणि पुस्तक डोळ्यांसमोर आलं. मानही वाकत नाही. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं आणि मान जितकी पुढे झुकेल तितका तिच्या स्नायूंवरचा ताण वाढतो. म्हणजे फोनमध्ये मान घातलेल्या आपणही आजोबांच्याच वाटेवर आहोत, फक्त लवकर निघालोय.

पान टिकत नसेल तर कपड्यांना लावायचे दोन चिमटे लावा. मंडळी हसतील, हसू देत.

टॅब किंवा किंडल हा दुसरा पर्याय. किंडल साधारण दोनशे ग्रॅमच्या घरात, अक्षर हवं तेवढं मोठं, आणि त्यावर मराठी पुस्तकं २०१६च्या अखेरपासून मिळतायत. पण एक सूचना, नुसतं घेऊन देऊन मोकळे होऊ नका. पहिले आठ-दहा दिवस शेजारी बसा. पान उलटायला कुठे टेकवायचं, चुकून भलतीकडे गेलं तर परत कसं यायचं, हे चार-चार वेळा सांगावं लागतं आणि ते न वैतागता सांगायचं असतं. त्यांनी आपल्याला बाराखडी किती वेळा सांगितली होती, आठवा.

आणि वाचनातही इंटरव्हल हवाच. यासाठी दिवाळी अंकाइतकी सोयीची गोष्ट नाही. १९०९मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांच्या डोक्यात गुडघे नसतील, पण रचना तीच, एक कथा संपली की अंक उलटा ठेवा आणि घरात एक फेरी मारा. दुसरी कथा, दुसरी फेरी. जुने दिवाळी अंक रद्दीच्या दुकानात स्वस्तात मिळतात आणि आजीच्या पिढीचे आवडते लेखक त्यात खच्चून भरलेले असतात.

जिन्याचा प्रश्न उरला. वाचनालय पहिल्या मजल्यावर असेल तर ते काही खाली येणार नाही, पण पुस्तक येऊ शकतं. घरपोच पुस्तकं देणारी वाचनालयं आहेत, डोंबिवलीच्या पै फ्रेंड्स लायब्ररीचं नाव बऱ्याच जणांना माहीत असेल. तुमच्या गावात तशी सोय नसेल तर कार्ड तुम्ही घ्या आणि पंधरा दिवसांनी एक फेरी मारा. फक्त पुस्तक तुम्ही निवडू नका. यादी त्यांच्याकडूनच घ्या. 'आजी, तुला आध्यात्मिक काहीतरी आणलंय' यासारखा अपमान नाही. आमच्या आजीच्या यादीत पहिली तीन नावं रहस्यकथांची होती.

औषधाचं एकच सांगते. सिनेमा पूर्ण बघता यावा म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन बसणारे आजोबा मी बघितलेत (आमचे नाहीत, शेजारचे). या गोळ्या मनाने वरचेवर घेतल्या तर पोट, किडनी, रक्तदाब सगळ्यांना त्रास देतात. आखडलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं गरम शेक द्या. मात्र मधुमेहाने पायाची जाणीव कमी झाली असेल तर शेकाने भाजूनही कळत नाही, तिथे फार जपून. आणि गुडघा अचानक सुजला, लाल आणि गरम झाला, अडकला, वजनच घेईना, किंवा सोबत ताप आला, तर सिनेमा तसाच टाकून डॉक्टरकडे.

कानाने वाचायचं

शेवटचा प्रकार मला स्वतःला सगळ्यात आवडलेला, कारण त्यात बसावंच लागत नाही.

स्टोरीटेल २०१७मध्ये भारतात आलं तेव्हा सुरुवातीच्या भाषांमध्ये मराठी होती. त्यावर मराठी कादंबऱ्या, कथा, चरित्रं भरपूर आहेत. याला नाकं मुरडणारे आहेत. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे वगैरे. ते म्हणोत. ज्या भाषेत कीर्तन, पोवाडा आणि अभिवाचन आहे, तिथे ऐकून गोष्ट कळण्याला कमी कसं म्हणायचं?

आजीला मी इअरफोन लावून दिले तेव्हा तिने एक अट घातली की एका कानातच लावणार, दुसऱ्याने कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात. चालेल. उलट तेच बरं, घरात कुणी हाक मारली तर ऐकू येतं. पहिल्या दिवशी ती खुर्चीत बसून ऐकत होती. मग उठून भाजी निवडायला लागली. चौथ्या दिवसापासून बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये फेऱ्या सुरू झाल्या. आमचा पॅसेज लांब आहे, सपाट आहे, कठडा आहे, पाऊस लागत नाही. एक प्रकरण म्हणजे साधारण वीस मिनिटं. प्रकरण संपेपर्यंत चालायचं, असं तिने स्वतःच ठरवलं, आम्ही कुणी सांगितलं नाही. दुखणं गेलेलं नाही, झिजलेली कूर्चा काही परत येत नाही. पण संध्याकाळी सोफ्यावरून, चुकले, खुर्चीवरून उठताना ती भिंत शोधत नाही.

रहस्यकथा असली की ती एकाऐवजी दोन प्रकरणं चालते. सध्या तिची एकच तक्रार आहे, वाचणारा माणूस खलनायकाचा आवाज पहिल्याच प्रकरणात जड काढतो आणि मग ओळखायला काही उरतच नाही.